चर्चासत्रातील श्रोता : नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयीन परिषदांच्या नियोजनाची चिकित्सा

गोषवारा

महाविद्यालयांतून भरणाऱ्या चर्चासत्रांचे नियोजन व्यासपीठ, शोधनिबंधांची संख्या आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टींभोवती केले जाते. समोर बसलेला श्रोता हा या नियोजनाचा विषय क्वचितच असतो. चर्चासत्राचे अपयश हे वक्त्यांच्या दर्जाचे अपयश नसून प्रामुख्याने वेळेच्या वाटपाचे अपयश आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांची परिस्थिती लक्षात घेऊन या अपयशाची कारणे तपासली असून अंमलात आणता येईल असा पर्यायी आराखडा सुचविला आहे.

बीजसंज्ञा : चर्चासत्र, श्रोता, शोधनिबंध, वेळेचे नियोजन, गुणांकन, मराठवाडा.

प्रस्तावना

मराठवाड्यात एकत्र जमून बोलणे ही कधीकाळी धोक्याची गोष्ट होती. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानातील जनतेस सभा भरविण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागे आणि ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाचा धाक सार्वजनिक जीवनावर होता. अशा काळात १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढील अधिवेशने लातूर, उमरी अशा ठिकाणी झाली. ज्यांच्या नावाने आज नांदेडचे विद्यापीठ ओळखले जाते ते स्वामी रामानंद तीर्थ याच परिषदेच्या कार्यातून सार्वजनिक जीवनात पुढे आले. त्या अधिवेशनांना येणारा माणूस पदरमोड करून येत असे आणि परत जाताना काहीतरी करावयाचे ठरवून जात असे. ‘परिषद’ या शब्दाला या भूमीत असा अर्थ होता.

१९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत राज्यस्तरीय, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय म्हणविली जाणारी चर्चासत्रे भरत असतात. जमण्यास आता कोणाची आडकाठी नाही. तथापि जमल्यानंतर बोलणे कितपत होते, ऐकणे कितपत होते आणि परतणारा प्राध्यापक सोबत काय नेतो, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. चर्चासत्राच्या अहवालात उपस्थितांची संख्या असते, निबंधांची संख्या असते, छायाचित्रे व वृत्तपत्रांची कात्रणे असतात; विचारल्या गेलेल्या प्रश्नांची नोंद सहसा नसते. जी गोष्ट नोंदविली जात नाही तिची कोणी वाटही पाहत नाही, हे उघड आहे.

एका दिवसाचे गणित

एकदिवसीय चर्चासत्राचा एक नमुना समोर ठेवू जाता प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. हा नमुना कोणा एका महाविद्यालयाचा नाही. परंतु या परिसरातील कोणत्याही प्राध्यापकास तो अनोळखी वाटणार नाही. निमंत्रण पत्रिकेवर उद्घाटनाची वेळ साडेदहाची असते आणि पाहुण्यांच्या आगमनानंतर प्रत्यक्ष प्रारंभ सव्वाअकराला होतो. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, स्मरणिकेचे प्रकाशन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची मनोगते, बीजभाषण, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांत दोन तास जातात. त्यानंतर एक तास भोजन. दुपारी साधनव्यक्तीचे पाऊण तासाचे व्याख्यान आणि मग ‘तांत्रिक सत्र’. चाळीस निबंध दोन सभागृहांत विभागले तर प्रत्येक सभागृहाच्या वाट्यास वीस निबंध येतात आणि त्यांसाठी उरलेला वेळ सव्वा तासाचा असतो. अखेरचा पाऊण तास समारोप व प्रमाणपत्र वितरणाचा.

सव्वाअकरा ते पाच हा एकूण ३४५ मिनिटांचा कालावधी आहे. त्यातील १६५ मिनिटे, म्हणजे जवळपास निम्मा वेळ, उद्घाटन व समारोपाने घेतला. निबंधवाचनास ७५ मिनिटे मिळाली. वीस निबंधांना भागता प्रत्येकी पावणेचार मिनिटे. या पावणेचार मिनिटांतच नाव पुकारणे, निबंधकाने आसनावरून उठून ध्वनिक्षेपकापर्यंत येणे आणि व्यासपीठावरील मान्यवरांचा नामोल्लेख करणे हेही समाविष्ट आहे. सत्राध्यक्षांची ‘वेळ संपली’ ही चिठ्ठी निबंधाचे शीर्षक वाचून होते न होते तोच हाती पडते. प्रश्नोत्तरांसाठी शून्य मिनिटे उरतात. ज्या कार्यक्रमात चर्चेला एक मिनिटही मिळत नाही त्यास चर्चासत्र म्हणणे हा शब्दाचा केवळ औपचारिक उपयोग होय.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या वेळापत्रकात कोणीही आपले काम टाळलेले नाही. संयोजकांनी महिनाभर धावपळ केलेली असते, स्वयंसेवक विद्यार्थी पहाटेपासून राबत असतात, भोजनाची व्यवस्था चोख असते. दोष कष्टांचा नाही; कष्ट कोणत्या हेतूसाठी खर्ची पडतात याचा आहे.

गुणांकनाने घडविलेली रचना

ही रचना आपोआप तयार झाली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. त्या पद्धतीत आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध सादर केल्यास १०, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्यस्तरावर ५ आणि स्थानिक स्तरावर ३ गुण होते. एकाच निबंधाचे मोल कार्यक्रमाच्या फलकावरील विशेषणानुसार तिपटीहून अधिक वाढू शकत होते. अशा स्थितीत तालुक्याच्या ठिकाणी भरणारे चर्चासत्र ‘राष्ट्रीय’ आणि कालांतराने ‘आंतरराष्ट्रीय’ होऊ लागले, यात नवल नाही. निबंधाचा दर्जा वाढविण्यास वर्षे लागतात. फलक बदलण्यास एक दिवस पुरतो.

२०१८ च्या नियमावलीने यास काहीसा आळा घातला. परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेस ७, देशांतर्गत आंतरराष्ट्रीय परिषदेस ५, राष्ट्रीय स्तरास ३ आणि राज्य वा विद्यापीठ स्तरास २ असे गुण निश्चित झाले. व्याख्याने व परिषदांतील सादरीकरण आणि धोरणविषयक दस्तऐवज यांच्या एकत्रित गुणांवर एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांची मर्यादा आली. २०१९ मध्ये आयोगाने संशयास्पद नियतकालिकांबरोबरच संशयास्पद परिषदांतील सादरीकरणही ग्राह्य धरू नये, असे सूचित केले. पीएच.डी. च्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन निबंध वाचणे बंधनकारक केले होते. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या मसुद्यात तर गुणांच्या बेरजेऐवजी उल्लेखनीय योगदानाच्या मूल्यमापनाचा विचार मांडला गेला.

म्हणजेच ज्या नियमांमुळे चाळीस निबंधांचे चर्चासत्र जन्मास आले ते नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले आहेत. चर्चासत्राचा साचा मात्र तसाच आहे. २०२० च्या टाळेबंदीत याचा प्रत्यय आला. वेबिनारमुळे किनवट ते लातूर हे अंतर नाहीसे झाले, प्रवासखर्च उरला नाही, दूरच्या अभ्यासकाशी थेट संवाद साधण्याची अपूर्व संधी निर्माण झाली. परंतु अनेक ठिकाणी त्या संधीचे पर्यवसान गुगल फॉर्म भरून ई-प्रमाणपत्र मिळविण्यात झाले. साधन बदलले तरी नियोजनाचा केंद्रबिंदू न बदलल्यास परिणाम बदलत नाही, हा त्यातून मिळालेला धडा होय.

श्रोता कोण असतो?

नियोजन समितीच्या बैठकीत प्रमुख पाहुण्यांना आणण्यासाठी वाहन कोणते पाठवावे यावर विचार होतो. श्रोता कसा येणार, यावर विचार होत नाही. किनवट किंवा माहूर येथील प्राध्यापकास लातूरच्या चर्चासत्रास यावयाचे तर नांदेडमार्गे अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. बहुधा तो आदल्या दिवशी निघतो, नांदेडला नातेवाइकाकडे मुक्काम करतो आणि पहाटेची बस धरतो. कर्तव्य रजा मिळविण्यासाठी त्याने आपल्या तासिकांची अदलाबदल केलेली असते, नोंदणी शुल्क स्वतःच्या खिशातून भरलेले असते. एवढे करून त्याच्या वाट्यास पावणेचार मिनिटे येतात. आणि परतीची बस चुकू नये म्हणून समारोपापूर्वीच तो प्रमाणपत्र मागू लागतो. त्यास ‘प्रमाणपत्रासाठी आलेला’ असे हिणविण्यापूर्वी प्रमाणपत्राव्यतिरिक्त त्यास देण्यासारखे काय योजिले होते, हे संयोजकांनी स्वतःस विचारावे.

दुसरा श्रोता म्हणजे संशोधक विद्यार्थी. तासिका तत्त्वावर काम करीत प्रबंध लिहिणाऱ्या या तरुणास आपली मांडणी कोठे कच्ची आहे हे मार्गदर्शकाखेरीज दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याची संधी फारशी मिळत नाही. चर्चासत्र ही ती संधी असावयास हवी. प्रत्यक्षात त्याचा निबंध न वाचताच छापला जातो आणि न ऐकताच त्यास टाळ्या मिळतात. हे औदार्य नव्हे. ज्या चुकीची जाणीव भर सभेत दहा मिनिटांत झाली असती ती प्रबंधात तशीच राहते आणि मौखिक परीक्षेच्या दिवशी समोर येते.

तिसरा श्रोता म्हणजे रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी वर्गातून आणून बसविलेला पदवीचा विद्यार्थी. विद्वत्तेविषयीचा त्याचा पहिला अनुभव कंटाळ्याचा असतो. या हानीची गणना कोणत्याही मूल्यांकन अहवालात होत नाही.

परंपरा आणि अन्यत्रचे दाखले

प्रश्न विचारण्याची परंपरा या परिसरास परकी नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे वक्ते म्हणून महाराष्ट्रभर गाजले. परंतु त्यांच्या व्याख्यानांचे बळ केवळ वक्तृत्वात नव्हते. ऐकणारा विचार करू शकतो, मतभेद व्यक्त करू शकतो, हे गृहीत धरून ते बोलत. औरंगाबाद येथे भाषण करीत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या श्रोत्यांना प्रमाणपत्राची गरज भासली नाही.

संमेलनांची मूलगामी चिकित्साही मराठीस नवीन नाही. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले असता महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या जीवनाचा प्रश्न सभेत उपस्थितच होत नाही त्यांना त्या सभेचा उपयोग काय, हा त्या नकारामागील विचार होता. चर्चासत्र कोणासाठी, हा आजचा प्रश्न त्याच विचाराचे एक मर्यादित रूप आहे.

अन्य देशांतही हाच प्रश्न पडला आणि त्यावर उत्तरे शोधली गेली. अमेरिकेत १९३१ पासून भरणाऱ्या गॉर्डन संशोधन परिषदांत झालेली चर्चा प्रसिद्ध करावयाची नाही, असा संकेत आहे. छापले जाणार नाही म्हणून अभ्यासक अपुरे, अनिश्चित, चुकण्याची शक्यता असलेले काम निःसंकोचपणे मांडतात. आपल्याकडे नेमके उलट घडते. निबंध आधी विशेषांकात छापला जातो आणि नंतर त्याचे वाचन होते, त्यामुळे चर्चेने त्यात बदल होण्याची शक्यताच उरत नाही. हॅरिसन ओवेन या अमेरिकी संयोजकास १९८३ च्या एका परिषदेनंतर असे ध्यानात आले की सहभागींना सर्वाधिक उपयुक्त वाटली ती कॉफीची मधली सुटी. त्यातून त्याने सहभागींनीच विषय ठरविण्याची ‘ओपन स्पेस’ ही पद्धत विकसित केली. नांदेड वा लातूरच्या चर्चासत्रांतही भोजनाच्या रांगेत होणारे बोलणे सभागृहातील बोलण्यापेक्षा अधिक मोकळे असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रश्न एवढाच की ते बोलणे वेळापत्रकात का येऊ नये.

नियोजनाचा पर्यायी आराखडा

पहिली गोष्ट विषयाची. ‘भारतातील जलसंकट : समस्या व उपाय’ या शीर्षकाखाली कोणताही निबंध बसतो, म्हणून कोणताही निबंध दुसऱ्याशी बोलत नाही. याउलट, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्यानंतरच्या वर्षांत लातूर शहराच्या व भोवतालच्या गावांच्या पाणीवापरात नेमके काय बदलले, हा प्रश्न घेतला तर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, रसायनशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या प्राध्यापकांना एका खोलीत बसण्याचे खरेखुरे कारण मिळते. औसा, रेणापूर, निलंगा येथील प्राध्यापकाजवळ जी माहिती आहे ती दिल्लीहून आलेल्या साधनव्यक्तीजवळ नसते. माहितीपत्रकात विषयाऐवजी प्रश्न छापला की श्रोत्याचे स्थानही बदलते. तो माहितीचा धनी म्हणून येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अकरा ते साडेचार हा ३३० मिनिटांचा दिवस पुढीलप्रमाणे वाटता येईल. उद्घाटन २० मिनिटे. पूर्वार्धात ८० मिनिटांचे एक सत्र व उत्तरार्धात तितकेच दुसरे. प्रत्येक सत्रात दोनच निबंध. निबंध पंधरा दिवस आधी सर्व नोंदणीकृत सहभागींना पाठविलेले असावेत. प्रत्येकी ४० मिनिटांपैकी निबंधकास १०, अन्य महाविद्यालयातील भाष्यकारास १० आणि श्रोत्यांस २० मिनिटे. दोन सत्रांच्या मध्ये भित्तिपत्रकांसाठी ६० मिनिटे. उर्वरित निबंधक आपापल्या भित्तिपत्रकाजवळ उभे राहतील आणि ज्यास ज्या विषयात रस आहे तो तेथे जाऊन बोलेल. भोजन ४५ मिनिटे, चहा २० मिनिटे आणि समारोप २५ मिनिटे. अकरापूर्वी प्रारंभ न केल्याने सकाळी निघणाऱ्यास पोहोचता येते आणि साडेचारला सांगता झाल्याने परतीची बस मिळते.

तिसरी गोष्ट समारोपाची. आभारांबरोबरच दिवसभरात कोणते प्रश्न उपस्थित झाले, त्यांपैकी कोणते अनुत्तरित राहिले आणि कोणी कोणते काम पुढे नेण्याचे मान्य केले, याचे वाचन व्हावे. ही नोंद हाच चर्चासत्राचा अहवाल समजावा. निबंधांचे प्रकाशन चर्चेनंतर तीन महिन्यांनी, दुरुस्तीसह व्हावे.

संभाव्य आक्षेप

या आराखड्यावर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप अर्थकारणाचा. अकराव्या व बाराव्या पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय कार्यालयामार्फत चर्चासत्रांसाठी अनुदान मिळत असे. असे अनुदान नसेल तर निबंधकांचे शुल्क हाच आधार उरतो. निबंध कमी झाले तर खर्च कसा भागवावा? यास उत्तर असे की प्रस्तुत आराखड्यात निबंधकांची संख्या कमी करावी लागत नाही, केवळ सादरीकरणाचा प्रकार बदलतो. शिवाय स्मृतिचिन्हे, फेटे, मंडप आणि छापील विशेषांक यांवरील खर्च बराचसा वाचतो.

दुसरा आक्षेप असा की भित्तिपत्रकामुळे नवोदितांचा व्यासपीठावरील हक्क जाईल. परंतु २०१० च्या नियमावलीतही तोंडी व भित्तिपत्रक सादरीकरण एकाच पंक्तीत होते. पावणेचार मिनिटांच्या घाईपेक्षा चार जाणकारांशी तासभर झालेले बोलणे नवोदितास अधिक देऊन जाते. व्यासपीठावरील चार निबंधांची निवड नावे झाकून केली तर नवोदितासही तेथे समान संधी राहील.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. संस्थेचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी यांचा मान उद्घाटनात राखला जातो. वीस मिनिटांत तो कसा राखावा? येथे प्राचार्यांची कसोटी लागते. शिक्षणाविषयी आस्था असलेल्या पदाधिकाऱ्यास पहिल्या रांगेत बसून एक पूर्ण सत्र ऐकण्याचे निमंत्रण देणे, हाही सन्मानच होय. काही ठिकाणी हे मान्य होणार नाही, हे स्वीकारले पाहिजे. तेथे उद्घाटनाचा वेळ पन्नास मिनिटांपर्यंत जाऊ द्यावा आणि तो वेळ समारोप व चहातून भरून काढावा. चर्चेच्या वेळेस हात लावू नये, एवढा नियम पाळला तरी बरेच साध्य होईल.

समारोप

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांकडे सोपविली. या निर्णयावर मतभेद आहेत. तथापि त्यातून एक वस्तुस्थिती समोर आली आहे. नियमांमुळे असे करावे लागते, हे कारण आता पूर्वीइतके पुरेसे राहिलेले नाही. चर्चासत्र कसे असावे हे ठरविण्याची मोकळीक महाविद्यालयांना आहे आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही महाविद्यालयांचेच आहे.

पुढील चर्चासत्राच्या नियोजन समितीने पहिल्या बैठकीत प्रमुख पाहुणे कोण, हा विषय क्रमांक एकवर न ठेवता किनवटहून येणाऱ्या प्राध्यापकास संध्याकाळी परत जाताना काय मिळालेले असेल, हा विषय ठेवावा. त्याचे उत्तर कार्यवृत्तात लिहावे आणि चर्चासत्रानंतर त्या प्राध्यापकासच ते दाखवून पडताळून घ्यावे. चर्चासत्राच्या यशाचे याहून साधे व याहून कठोर मोजमाप नाही.